साच्यातला शिपाई

एक जानेवारीला कोरेगावहून परत येताना टेंपोत भांडण झालं. भांडण आपलं नेहमीचंच, पण या खेपेला जरा टोकाला गेलं. आमच्यातला एक दोस्त, गाणी म्हणणारा, छाती ठोकून म्हणाला, "१८१८ साली पेशव्याच्या फौजेपुढं दिवसभर उभी राहिली ती माणसं आपली. आपण लढवय्ये. रक्तातच आहे." दुसरा म्हणाला, "मग दर रविवारी विहारात जाऊन पंचशील म्हणतोस, त्यातलं पहिलं शील काय रे?" पहिला गप्प. तेवढ्यात कोपऱ्यातून तिसरा बोलला, "आणि ते जे म्हणतात, बुद्धाच्या अहिंसेमुळंच देश दुबळा झाला, त्यांना काय सांगायचं? शिपाई म्हणून मिरवायचं का बौद्ध म्हणून?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी कविता करतो, सूतगिरणीत रिंगवर उभा राहतो, शाळा दहावीला सुटली. पण प्रश्न डोक्यात गिरमिटासारखा फिरत राहिला. दोन महिन्यांनी वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक चाळत होतो. निम्मं कळत होतं, निम्मं नव्हतं. एका पानावर थांबलो. फोटो होता. मातीचा शिपाई.

मित्रांनो, तो शिपाई आधी नीट बघून घ्या. अंगात चिलखत. लोखंडाच्या पत्र्याचं सलग नव्हे, तर बारक्या पट्ट्यांच्या ओळीवर ओळी, घरावरच्या कौलांसारख्या. गळ्याभोवती उभी पसरट कॉलर. कंबर आवळलेली, खाली गुडघ्यापर्यंत झग्यासारखा घेर. चेहरा गोल, तरुण. डोळे अर्धवट मिटल्यासारखे, म्हंजे तिसरी पाळी संपवून आलेल्या माणसाचे असतात तसे. माती, पण माती दिसू नये म्हणून वर रंग दिलेला. कुठं तांबडा उरलाय, कुठं निळसर, कुठं नुसता पांढरा थर. अशा मूर्ती वीतभरापासून हातभरापर्यंतच्या. फार मोठं काही नाही. आपल्या घरातल्या फळीवर मावतील.

खाली लिहिलं होतं : मिंग-ओई, काराशहर. इसवी सनाचं आठवं ते दहावं शतक. ब्रिटिश म्युझियम, लंडन. आणि तो सापडला कुठं? किल्ल्यात नाही, राजवाड्यात नाही. बौद्ध मंदिरात.

मी पुस्तक घरी आणलं आणि डिक्शनरी घेऊन बसलो.

काराशहर आज चीनच्या शिंजियांग प्रांतात आहे. तकलामकान वाळवंटाच्या उत्तरेच्या कडेनं जी जुनी व्यापाराची वाट जात होती, त्या वाटेवरचं हे गाव. जुनं नाव अग्नी. तिथून थोडं दूर, डोंगराच्या पायथ्याशी, पडक्या मंदिरांचा एक पसारा आहे. स्थानिक तुर्की बोलीत त्याला मिंग-ओई म्हणतात, म्हंजे हजार घरं. हजार नाहीत, पण पसारा मोठा आहे. काही मंदिरं उघड्यावर बांधलेली, काही डोंगरात खोदलेली. याच जागेला शोरचुक असंही नाव आहे.

चिनी भिक्खू ह्युएन त्संग इसवी सन ६३० च्या सुमारास भारताकडं येताना याच अग्नी देशातून गेला. त्यानं लिहून ठेवलंय की इथं दहाच्या वर विहार आहेत, दोन हजारांच्या आसपास भिक्खू आहेत, सर्वास्तिवादी पंथाचे, आणि लिपी भारतातलीच, थोडा फेर केलेली. इथल्या राजाबद्दलही एक वाक्य टाकलंय. त्याचा मथितार्थ असा की राजा शूर आहे, डावपेचात कच्चा आहे आणि स्वतःच्या लढायांच्या बढाया फार मारतो. मला हसू आलं. असे राजे आपल्याकडंही वॉर्डावॉर्डात आहेत.

हाच ह्युएन त्संग पुढं अकरा वर्षांनी, ६४१ च्या सुमारास, आपल्या महाराष्ट्रात आला. पुलकेशीचं राज्य. इथं त्याला शंभरावर विहार आणि पाच हजार भिक्खू दिसले. आणि त्याच देशात लढाईआधी दारू पिऊन झिंगणारे वीर दिसले, दारू पाजून पिसाळवलेले हत्ती दिसले. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बाईचे कपडे देतात, मग तो लाजेनं जीव देतो, असंही त्यानं लिहिलंय. (बाईचे कपडे म्हंजे अपमान, हे डोकं तेव्हापासूनचं आहे. आपल्या मोर्च्यांत बांगड्यांचा आहेर देतात ना, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.) म्हणजे बघा, एकाच माणसानं, एकाच प्रवासात, दोन देश पाहिले, आणि दोन्हीकडं विहारही होते आणि फौजही होती. बुद्धामुळं देश दुबळा झाला म्हणणाऱ्याला पहिलं उत्तर इथंच आहे. पण ते सोपं उत्तर आहे. माझा प्रश्न त्यानं सुटत नव्हता. विहाराबाहेर फौज असणं वेगळं आणि शिपाई विहाराच्या आत, भिंतीवर असणं वेगळं.

आत तो आला कसा, ते पुढं बघू. आधी तो बनला कसा ते सांगतो, कारण माझा जीव त्यात अडकला.

या मूर्तींना इंग्रजीत स्टको म्हणतात. आपल्या भाषेत गिलाव्याची मूर्ती. बारीक माती, तिच्यात गवताचे-झाडाचे तंतू, जनावरांचे केस. तंतू कशाला, तर माती वाळताना तडकू नये. आपल्या आयाबाया भिंती लिंपताना मातीत भुसा आणि शेण कालवतात, तीच विद्या. अजिंठ्याची चित्रं ज्या गिलाव्यावर काढलीत त्यातही मातीबरोबर असेच तंतू आणि तूस आहे. म्हणजे अजिंठ्यापासून काराशहरापर्यंत, डोंगर आणि वाळवंट ओलांडून, एक चिखल गेलेला आहे. ग्रंथ गेले, भिक्खू गेले, हे सगळे सांगतात. चिखल कालवायची रीत कुणीतरी पायांनी चिखल तुडवतच पुढच्याला शिकवली असणार. त्याचं नाव कुठल्याच प्रवासवर्णनात नाही.

आत आधाराला लाकडाची काठी आणि गवताची पेंढी. त्याच्यावर माती. आणि चेहरा, धड, हात, दागिने हे साच्यातून काढलेले. साचे वेगळे, तुकडे वेगळे, मग ओल्या मातीनं जोडायचे. मग हातानं केस, मिशी, कापडाच्या चुण्या. मग पांढरा पातळ थर. मग रंग. पाठ मात्र कोरी, कारण मूर्ती भिंतीला चिकटवायची होती. पाठ कुणी बघणार नव्हतं.

आणि आता खरी गोष्ट. मिंग-ओईच्या ढिगाऱ्यात जी डोकी सापडली त्यांतली कितीतरी एकाच साच्यातली आहेत. साचा एक, बाहेर पडणारे चेहरे अनेक. साच्यातून निघालेल्या चेहऱ्याला वर मुकुट लावला तर तो देव. शिरटोप घातला तर शिपाई. फरक सगळा वरच्या हातकामाचा.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो आणि दोन फेऱ्या मारल्या. कारण साचा या शब्दाशी आमच्या घराचा एक जुना हिशेब आहे. मुंबईच्या गिरण्यांत मागाला साचा म्हणत. कापड विणायचं खातं म्हणजे साचाखातं. पगार तिथं जास्त. आणि एके काळी आपल्या माणसाला त्या खात्यात पाऊल ठेवायची बंदी. कारण काय, तर धोट्यातला तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. आपलं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला कसा लागणार? विटाळ! मशीन विलायतेचं, कापूस सगळ्यांचा, पण थुंकीला जात होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला तेव्हा कामगारांच्या पुढाऱ्यांना ऐकून घ्यावं लागलं. माझा आजा पुढं गिरणीत लागला तोही त्रासन खात्यातच. १९८२ च्या संपात तो बाहेर पडला तो परत आत गेलाच नाही. तो म्हणायचा, "साच्यावर उभा राहणारा वेगळा आणि साच्यात पडलेला वेगळा. आपण पडलेले." तेव्हा मला वाटायचं, म्हातारा असंच काहीतरी बोलतो.

असो. शिपायाकडं येऊ.

त्याच्या अंगावरचं चिलखत कारागिरानं मनानं रचलेलं नाही. ते त्यानं पाहिलेलं होतं. काराशहर म्हणजे काही शांत ध्यानाची जागा नव्हती. ६४४ साली चीनच्या तांग बादशहाच्या फौजेनं ते घेतलं. ६७० मध्ये तिबेटी आले. ठाणी पडत होती, उठत होती. मिरान नावाच्या जागी एक तिबेटी किल्ला सापडला, त्यात त्या काळच्या खऱ्या चिलखताचे तुकडे मिळालेत. चामड्याच्या पट्ट्या, वर लाखेचा थर, आणि चामड्याच्याच वादीनं एकीला एक ओवलेल्या. बघा म्हंजे, त्या काळातसुद्धा वीर रणात उतरायचा तो कुणीतरी सोललेल्या, कमावलेल्या, भोकं पाडून ओवलेल्या कातड्याच्या आत शिरून. आपल्याकडं वीराचे पोवाडे आहेत. कातडं कमावणाऱ्याला गावाबाहेर घर आहे.

भारतातले जुने रक्षक बघा. भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर कुबेर यक्ष आहे, दिशेचा राखणदार. धोतर, पागोटं, दागिने, हात जोडलेले. चिलखत नाही. हाच राखणदार मध्य आशियात पोचेपर्यंत चिलखत घालतो, बूट घालतो, पायाखाली राक्षस घेतो. देव तोच, काम तेच, पण ज्या मुलखात गेला तिथल्या शिपायाचा गणवेष त्यानं चढवला. तिथल्या मातीकाम करणाऱ्याला राखणदार म्हटलं की ठाण्यावरचा शिपाई आठवत होता.

त्या भागातल्या बौद्ध मंदिरांत चिलखतवाला माणूस मुख्य तीन ठिकाणी येतो. एक हा दिशांचा राखणदार. दुसरा माराच्या फौजेत. सिद्धार्थ झाडाखाली बसलाय आणि मार आपलं सैन्य घेऊन चालून येतो, हे दृश्य आपल्याला अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यातही दिसतं. त्या फौजेत जनावरांच्या तोंडाचे राक्षस असतात आणि साधे शिपाईही असतात. मिंग-ओईच्या ढिगाऱ्यातही शिपायांच्या जोडीनं विक्राळ तोंडाचे राक्षस सापडलेत.

तिसरं ठिकाण मला सगळ्यात बोचलं. भगवंतांचं कुसिनाऱ्यात महापरिनिर्वाण झालं. चिता विझली. आणि अस्थींसाठी राजे फौजा घेऊन आले. मगधाचा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य, सगळे. कुसिनाऱ्याचे मल्ल म्हणाले, आमच्या गावात गेले, अस्थी आमच्या. लढाईच व्हायची. शेवटी द्रोण नावाच्या ब्राह्मणानं आठ वाटे केले आणि भांडं स्वतःकडं ठेवलं. सांचीच्या तोरणावर हा वेढा कोरलेला आहे. काराशहरापासून पश्चिमेला किझिलची लेणी आहेत, तिथल्या भिंतीवर हेच राजे घोड्यांवर, निशाणं घेऊन, आपल्या शिपायासारख्याच चिलखतांत येताना रंगवलेत. म्हणजे ज्यानं आयुष्यभर वैर सोडा म्हणून सांगितलं, त्याची राख थंड व्हायच्या आत त्याच्याच माणसांनी तलवारी काढल्या. आणि नंतरच्या बौद्धांनी ही गोष्ट लपवली नाही. भिंतीवर काढून ठेवली, येणाराजाणाऱ्याला दिसेल अशी. आपल्या गटातटांची गोष्ट आपण भिंतीवर काढू का?

तर शिपाई विहारात राखणदार म्हणून आहे, वैरी म्हणून आहे आणि आपल्यातलाच भांडखोर म्हणूनही आहे. आणि तिन्हींचं चिलखत सारखंच. मग मी दुसरीकडं शोधलं, की खुद्द बुद्ध शिपायाला काय म्हणाले. त्रिपिटकात शिपाई बरेच आहेत.

संयुत्त निकायात एक योधाजीव गामणी येतो. लढाई हाच ज्याचा धंदा अशांचा म्होरक्या. तो विचारतो, आमचे वाडवडील सांगत आले की रणात लढता लढता मरणारा स्वर्गात जातो, तुमचं काय म्हणणं? बुद्ध म्हणतात, नको विचारू. तो पुन्हा विचारतो. पुन्हा नको म्हणतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात, की समोरचा मरावा अशी इच्छा मनात धरून लढताना जो मरतो तो स्वर्गात नाही, नरकात जातो. तो म्होरक्या रडायला लागतो. बुद्ध म्हणतात, म्हणून तर नको म्हणत होतो. तो म्हणतो, तुमच्या बोलण्यानं रडत नाही मी, आमच्या जुन्या आचार्यांनी आम्हाला इतके दिवस फसवलं म्हणून रडतोय.

दोस्तहो, हे वाचताना गीतेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तिथंही एक शिपाई हत्यार खाली ठेवून रडतोय. त्याला काय सांगितलं गेलं आणि त्याचं रडू कसं थांबवलं, ते आपल्याला पाठ आहे. इथं रडणाऱ्याला रडू दिलं.

पण थांबा, लगेच टाळ्या वाजवू नका. दुसरी गोष्ट विनयपिटकातल्या महावग्गात आहे. बिंबिसार राजाच्या सीमेवर बंड झालं. सेनापतींना हुकूम सुटला. नामवंत शिपायांनी विचार केला, लढलो तर पाप लागेल. ते गेले आणि भिक्खू झाले. राजाच्या अधिकाऱ्यांनी सल्ला दिला की असल्यांना दीक्षा देणाऱ्याचं डोकं उडवावं. राजानं बुद्धांना येऊन सांगितलं की सगळे राजे काही श्रद्धावान नसतात, ते भिक्खूंना छळतील. आणि नियम झाला : राजाच्या चाकरीतल्या शिपायाला दीक्षा देऊ नये. त्याच प्रकरणात पुढं कर्जबाजाऱ्याला नाही, दासाला नाही. मला हा नियम गिळवत नाही, स्पष्ट सांगतो. ज्याला संघाची सगळ्यात जास्त गरज, तोच दारात अडला. संघ टिकवायचा होता, राजाशी वैर परवडणारं नव्हतं, हे डोक्याला कळतं. पण विहाराच्या भिंतीला पाठ लावून उभा असलेला तो मातीचा शिपाई बघताना मला हाच नियम आठवतो. भिंतीवर चालतो, चीवरात चालत नाही.

तिसरी गोष्ट सिंह सेनापतीची. वैशालीचा. आधी निगंठांचा उपासक, नंतर बुद्धाचा झाला. तो उपासक झाला, पण सेनापती राहिलाच. आणि बुद्धांनी त्याला सांगितलं, तुझ्या घरी निगंठांना दान मिळत आलंय, ते बंद करू नको. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली निघालेल्या ग्रंथात अहिंसेचा विचार केला, तिथं मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. हे कुणी मठातला माणूस लिहीत नव्हता. सुभेदार रामजींचा मुलगा लिहीत होता. पलटणीतल्या घरात जन्मलेला. शिपाई म्हणजे काय ते त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

आता या मूर्ती वाचल्या कशा, ते ऐका. कच्च्या मातीच्या, न भाजलेल्या. पाणी लागलं की चिखल. त्याच जागेत ओल शिरून कितीतरी मूर्ती विरघळून गेल्या. पण काही मंदिरांना आग लागली. छताची लाकडं पेटून खाली कोसळली, भिंती तापल्या, आणि आतल्या मातीच्या मूर्ती भट्टीतल्या विटेसारख्या भाजून निघाल्या. रंग बराच गेला, पण माती पक्की झाली. ज्या आगीनं मंदिर संपलं तिनंच शिपाई टिकवला. यावर मी कविता करायला बसलो होतो, तीन ओळी झाल्या आणि फाडल्या. कविता करायला फार सोपी गोष्ट आहे ही.

१९०७ च्या डिसेंबरात ऑरेल स्टाइन तिथं पोचला. हंगेरीत जन्मलेला, हिंदुस्थान सरकारच्या नोकरीतला. त्याच्या आधी जर्मनांनी तिथं खणलं होतं, त्याच्या नंतर रशियनांनी. थंडी हाडं गोठवणारी. स्थानिक मजूर राबवून त्यानं ढिगारे उपसले आणि डोकी, धडं, शिपाई, राक्षस पेट्यांत भरले. त्या मोहिमेचा खर्च वाटून घेतलेला होता : तीन पंचमांश हिंदुस्थान सरकारचा, दोन पंचमांश ब्रिटिश म्युझियमचा. त्याच हिशेबानं मालाचे वाटे. म्हणजे शेतसारा भरणाऱ्या आपल्या पणज्याचाही त्यात दमडीचा वाटा आहे, आणि कुसिनाऱ्यानंतर पुन्हा एकदा वाटेकऱ्यांनी बसून वाटे केले.

त्या मोहिमेत एक खरा शिपाईही होता. नाईक रामसिंग. पंजाबचा शीख, बंगाल सॅपर्स अँड मायनर्स पलटणीचा. सुतारकाम, लोहारकाम, नकाशे, फोटो, सगळं करणारा. १९०८ च्या सुरुवातीला स्टाइननं त्याला मिरानच्या भिंतीवरची बौद्ध चित्रं उतरवून आणायला पाठवलं. तिथं त्याचे डोळे दुखायला लागले. काचबिंदू. आधी एक डोळा गेला, मग दुसरा. वाळवंटात, बुद्धाची चित्रं भिंतीवरून सोडवता सोडवता, तो आंधळा झाला. त्याला आंधळाच घरी परत आणावं लागलं. मातीच्या शिपायाचे डोळे हजार वर्षं आगीतून टिकले, आणि त्याला शोधणाऱ्या टोळीतल्या जित्या शिपायाचे दोन हिवाळे टिकले नाहीत.

रामसिंग पलटणीत का होता? कारण इंग्रजांच्या कोष्टकात शीख ही लढाऊ जात होती. आणि त्याच कोष्टकात १८९० नंतरच्या दोन-चार वर्षांत महार ही लढाऊ जात राहिली नाही. भरती बंद. कोरेगावच्या खांबावर ज्यांच्या नावांना 'नाक' लागलेलं आहे, त्यांच्या नातवंडांना सांगितलं गेलं की तुम्ही लढायच्या कामाचे नाही. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतले. त्यांनी १८९४ साली अर्ज लिहिला की आमची भरती पुन्हा सुरू करा. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली लिहिला. बाबासाहेब १९२७ च्या एक जानेवारीला त्या खांबाशी जाऊन उभे राहिले. शेवटी १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाला माणसं कमी पडायला लागली तेव्हा, महार रेजिमेंट निघाली. आता सांगा, १८१८ ला रक्तात असलेलं १८९२ ला कुठं गेलं आणि १९४१ ला कुठून परत आलं? रक्त तेच होतं. वरचं हातकाम बदललं. साहेबाला हवा तेव्हा शिरटोप चढवला, नको तेव्हा उतरवला.

काराशहराचा कारागीर साहेबापेक्षा प्रामाणिक होता. त्याला माहीत होतं की डोकं एकाच साच्यातलं आहे. आपण करतो ते काय करतो, याची त्या लोकांना चांगली जाण होती. त्याच शोरचुकच्या ढिगाऱ्यांत जुन्या तोखारी भाषेतली पुण्यवंत जातकाची पानं सापडलीत. त्यात एक यंत्र करणारा कारागीर आणि एक चित्रकार यांची गोष्ट आहे. कारागिराच्या घरी चित्रकार पाहुणा येतो. त्याची सेवा करायला एक तरुणी ठेवलेली असते. रात्री चित्रकार तिचा हात धरतो आणि ती खळकन कोसळते. लाकूड आणि दोऱ्या! पाहुण्याची फजिती. तो रागानं भिंतीवर स्वतःचंच चित्र काढतो, फास घेतलेलं, आणि लपून बसतो. सकाळी यजमान बघतो, छाती बडवून रडतो, माणसं गोळा करतो, दोर तोडायला जातो तर भिंत! एकानं लाकडाची बाई केली, दुसऱ्यानं रंगाचं मढं केलं, आणि दोघंही फसले. ही गोष्ट ज्या गावात सांगितली जायची, त्याच गावात मातीचे शिपाई बनत होते. तिथला माणूस मूर्तीला भुलत असेल, पण ती लाकूड, दोरी आणि चिखल यांची आहे हे त्याला कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती.

मी त्या फोटोची झेरॉक्स काढून टेंपोतल्या दोस्ताला नेऊन दाखवली. सगळं सांगितलं, वर जे लिहिलंय ते, थोडं कमीजास्त. त्यानं बराच वेळ बघितलं. म्हणाला, "ह्याचं हत्यार कुठाय?" मी म्हटलं, हात तुटलेत, त्या ढिगातल्या बऱ्याच जणांचे तुटलेत. मग म्हणाला, "आणि ह्याला घडवणारा?" मी म्हटलं, त्याचं नाव नाही. तो म्हणाला, "एक तारखेच्या गाण्यात ह्याला कुठं बसवू?"

अजून ठरलेलं नाही. पुढच्या रविवारी विहारात महावग्गातली सिंह सेनापतीची गोष्ट आणि शिपायांच्या दीक्षेचा तो नियम, दोन्ही वाचायचं ठरलंय. नियमावर माझं आणि त्याचं जमत नाही. त्याला वाटतं नियम बरोबर होता. ज्यांच्याकडं महावग्गाचं मराठी भाषांतर असेल त्यांनी बरोबर आणावं, आमच्या वाचनालयातल्या प्रतीची मधली पानं गेलेली आहेत.